जादूगार मेला, पण वार सुटला होता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा बारा वर्षांचा भाचा आमच्याकडे पुण्याला राहायला आला होता आणि त्याला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ शिकवायचा, हे मी आधीच ठरवून ठेवले होते. पहिल्याच संध्याकाळी आमचे अडले. माझ्या बाजूला प्रॉडिगल सॉर्सरर हा जुना जादूगार होता. त्याचे पान आडवे केले, म्हणजे खेळाच्या भाषेत टॅप केले, की तो कोणालाही एक डॅमेज देतो. मी ते पान आडवे केले आणि भाच्याच्या लानोवार एल्व्जकडे बोट दाखवले. एल्व्जची टफनेस, म्हणजे डॅमेज सोसण्याची ताकद, एकच, तेव्हा त्यांचा शेवट ठरलेला. भाच्याने हातातली पाने न्याहाळली आणि लायटनिंग बोल्ट काढून माझ्या सॉर्सररवर टाकला. तीन डॅमेज, जादूगार ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पानांच्या ढिगात. त्याने वेळ साधली होती, नियमही पाळला होता. मग मी म्हणालो, की आता एल्व्जही उचल, ते मेले. तो पान हातात घट्ट धरून म्हणाला, “मामा, पण तो मेला ना? मग मारतोय कोण?”

हा प्रश्न मला इतका रास्त वाटला, की त्या रात्री पुढचा डाव मांडायच्या ऐवजी आम्ही त्यावरच बोलत बसलो. पत्त्यांच्या अशा खेळांत कोणती गोष्ट केव्हा घडते आणि ती केव्हापर्यंत थांबवता येते, याचे जवळजवळ सगळे उत्तर त्या एका प्रश्नात आहे.

आपण लहानपणी जे पत्ते खेळलो त्यांत ही अडचण येत नाही. मेंढीकोटात ज्याची पाळी त्याने पान टाकायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या पाळीची वाट पाहायची. टाकलेले पान टेबलावर पडले की ते पडले. कोणी मधेच हात आडवा घालून त्याला थांबवू शकत नाही. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला मॅजिक १९९३ मध्ये आला आणि पहिल्या संचापासून त्यात काउंटरस्पेल नावाचे पान होते, ज्याचे काम एकच: समोरच्याचे स्पेल, म्हणजे त्याने हातातून टाकलेले पण अजून परिणाम न झालेले पान, रद्द करणे. हे पान असायचे, तर पान टाकणे आणि त्याचा परिणाम होणे यांच्यामध्ये काही जागा असायला हवी. ती जागा नसेल तर रद्द करायला वेळच उरत नाही. त्या जागेला आज स्टॅक म्हणतात.

भाच्याला मी स्टॅक समजावला तो आजीच्या घरातल्या उतरंडीवरून. एकावर एक मडकी रचलेली असतात आणि खालच्या मडक्यातले धान्य हवे असेल, तर आधी वरचे मडके उतरवावे लागते. मी सॉर्सररची क्षमता, म्हणजे त्याच्या पानावर लिहिलेली करामत, वापरली, तेव्हा ती क्षमता म्हणजे सगळ्यात खालचे मडके. भाच्याचा बोल्ट त्यावर बसला. मग दोघांनीही ‘आता मला काही करायचे नाही’ असे म्हटले, म्हणजे दोघांनीही प्रायॉरिटी सोडली, तेव्हा वरचे मडके उतरले आणि सॉर्सरर मेला. उतरंडीत खालचे मडके मात्र जागेवरच होते. नियम सांगतो, की क्षमता एकदा स्टॅकवर गेली की ती आपल्या मूळ पानापासून स्वतंत्र असते. ते पान नष्ट झाले, हातात परतले किंवा आणखी कुठे गेले, तरी क्षमतेचे काही बिघडत नाही. मी त्याला अश्वत्थाम्याची गोष्ट आठवून दिली. अर्जुनाला अस्त्र मागे घेता आले, अश्वत्थाम्याला येत नव्हते, आणि सुटलेले अस्त्र कुठेतरी पडणारच होते. भाच्याला ते पटले, पण त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला, की मग जादूगाराला मारायचे तरी केव्हा?

इथे पानावरच्या एका छोट्या खुणेकडे पाहावे लागते. वापरायच्या क्षमतेच्या ओळीत मधोमध दोन टिंबांचे विरामचिन्ह असते. त्याच्या डावीकडे किंमत, उजवीकडे परिणाम. स्टॅकवर जातो तो उजवीकडचा भाग. डावीकडची किंमत तिथल्या तिथे चुकती होते आणि तिच्यामध्ये कोणालाही काही करता येत नाही. ‘थांब, तू टॅप करायच्या आधी मी त्याला मारतो’ असे म्हणण्याची सोय या खेळात नाही, कारण समोरचा टॅप करणार हे तुम्हाला कळते तेव्हा टॅप झालेलेच असते. बरे, त्याने काही करण्यापूर्वी आपणहून बोल्ट टाकला, तर तो बोल्ट स्टॅकवर असताना सॉर्सररचा मालक त्याला टॅप करून एक वार करून घेऊ शकतो. मग खरी संधी एकच उरते. नुकताच टेबलावर आलेला क्रीचर, म्हणजे सॉर्सरर किंवा एल्व्जसारखे पात्र, मालकाच्या पुढच्या पाळीपर्यंत टॅपची क्षमता वापरू शकत नाही, आणि त्या अवधीत बोल्ट टाकला तर जादूगार एकही वार न करता जातो. बोल्ट तोच, सॉर्सररही तोच, पण एक पाळी उशीर केला तर आपले एल्व्ज जातात.

हे कळल्यावर आपण ज्याला सरसकट ‘थांबवणे’ म्हणतो, त्यातले वेगवेगळे अर्थ सुटे होतात. पिथिंग नीडल या २००५ च्या पानावर एखाद्या पानाचे नाव घ्यायचे असते आणि मग त्या नावाच्या पानाची वापरायची क्षमता वापरताच येत नाही. पण नीडल येण्याआधी जे स्टॅकवर चढले, त्याला ती हात लावत नाही, आणि आपोआप सुरू होणाऱ्या ट्रिगरलाही नाही. दुसरा मार्ग लक्ष्य काढून घेण्याचा. क्षमतेने ज्याला टार्गेट केले ते टेबलावरच नसेल, तर ती क्षमता काहीही न करता विरून जाते. भाच्याला एल्व्ज मेलेले पाहवत नव्हते, तर तो त्यांना परत हातात घेणारे पान वापरू शकला असता. आणि तिसरा मार्ग म्हणजे स्टॅकवरची क्षमताच रद्द करणे, जो काउंटरस्पेलला साधत नाही, कारण ते फक्त स्पेल रद्द करते आणि क्षमता हे स्पेल नव्हे. नवख्या खेळाडूंचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, असा माझा अनुभव आहे.

क्षमता रद्द करणारी पाने १९९४ च्या लेजंड्स संचापासून आहेत. त्यातले रस्ट हे पान फक्त आर्टिफॅक्टची, म्हणजे जादुई वस्तूंच्या पानांची, वापरलेली क्षमता रद्द करायचे. पण या विषयातले माझे सर्वांत आवडते पान म्हणजे स्टायफल. ते २००३ च्या स्कर्ज संचातले आहे. त्याला एक निळा माना, म्हणजे पाने खेळायला लागणारी ऊर्जा, पुरतो, आणि ते वापरलेली किंवा ट्रिगर झालेली कोणतीही एक क्षमता रद्द करते. माना देणारी क्षमता तेवढी त्याच्या कक्षेबाहेर, कारण ती स्टॅकवर जातच नाही. वर्णन वाचून हे पान किरकोळ वाटते. मलाही वाटले होते, आणि मिळालेले पहिले स्टायफल मी कित्येक महिने डब्यात ठेवून दिले होते. मग एका डावात समोरच्याने ते माझ्यावर वापरले आणि मी ते पान पहिल्यांदा नीट वाचले.

घडले ते असे. माझी दुसरी पाळी होती आणि मी फ्लडेड स्ट्रँड हे लँड वापरले. लँड म्हणजे माना मिळवण्यासाठीची जमिनीची पाने. फ्लडेड स्ट्रँड टॅप करायचे, एक लाइफ, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या वीस जीवनगुणांतला एक, द्यायची, ते स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये टाकायचे आणि गड्डीतून हवे ते मैदानी किंवा बेटाचे लँड शोधून आणायचे. मी पान ग्रेव्हयार्डमध्ये ठेवले, वहीत वीसचे एकोणीस केले आणि गड्डी उचलायला हात पुढे केला. समोरचा शांतपणे म्हणाला, “शोधायच्या आधी, स्टायफल.” माझे लँड गेले होते, लाइफ गेली होती, कारण त्या दोन्ही किमती होत्या आणि किंमत परत मिळत नाही. परिणाम तेवढा रद्द झाला. एका मानात त्याने माझे लँड काढून घेतले आणि त्या पाळीची माझी लँड टाकण्याची संधीही वाया घालवली. पुढच्या तीन पाळ्या माझ्या हातात चांगली पाने होती, पण ती खेळण्याएवढा माना माझ्याकडे नव्हता.

तेच पान आपल्याच क्षमतेवर टाकले, तर आणखी काही दिसते. फिरेक्सियन ड्रेडनॉट हा १९९६ च्या मिराज संचातला एका मानाचा क्रीचर आहे आणि त्याची ताकद बारा-बारा, म्हणजे पॉवर (वाराचे डॅमेज) बारा आणि टफनेस बारा. एवढ्या स्वस्तात एवढे मोठे धूड मिळते, कारण ते टेबलावर आले की एक ट्रिगर चढतो: एकूण बारा पॉवरचे आपले क्रीचर बळी द्या, नाहीतर ड्रेडनॉटच बळी द्या. हा ट्रिगर स्टॅकवर असताना स्वतःच स्टायफल टाकले, तर अट रद्द होते आणि दोन मानांत बारा-बाराचा राक्षस उभा राहतो. पान रचणाऱ्याने जी शिक्षा म्हणून लिहिली होती, ती खेळाच्या लेखी आणखी एक क्षमताच असते, आणि जे स्टॅकवर जाते ते रद्द होऊ शकते. हे मला पहिल्यांदा कोणी दाखवले, तेव्हा मी बराच वेळ त्या दोन पानांकडे बघत राहिलो होतो.

स्पेल आणि क्षमता यांतला फरक मात्र मी भाच्याला आकड्यांनी दाखवला. स्कर्ज याच संचात टेंड्रिल्स ऑफ ॲगनी आहे. ते समोरच्याची दोन लाइफ घेते आणि आपल्याला देते. त्यावर स्टॉर्म हा शब्द आहे, म्हणजे ते टाकताच एक ट्रिगर चढतो आणि त्या पाळीत आधी जितकी स्पेल टाकली गेली, तितक्या त्याच्या नकला होतात. समजा नऊ स्पेल आधी झाली. मग मूळ एक आणि नकला नऊ, प्रत्येकी दोन, एकूण वीस, म्हणजे सुरुवातीची सगळी लाइफ. तुमच्याकडे काउंटरस्पेल असेल आणि तुम्ही मूळ पान रद्द केले, तर दोन लाइफ वाचतात, कारण नकला करणारा ट्रिगर आपल्या मूळ पानापासून स्वतंत्र आहे आणि नऊ नकला तरीही येतात. तुमच्याकडे स्टायफल असेल आणि तुम्ही ट्रिगर रद्द केला, तर फक्त मूळ पान उरते आणि अठरा लाइफ वाचतात. मात्र हे ट्रिगर स्टॅकवर असतानाच करायला हवे. ट्रिगर उतरून नकला झाल्या, की स्टायफललाही रद्द करण्यासारखे काही सापडत नाही. त्या नकला स्पेल असतात.

वेळेचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र अगदी साध्या पानांत आहे. दोन-दोनचे अस्वल, तीन डॅमेजचा लायटनिंग बोल्ट आणि पाळी संपेपर्यंत तीन-तीनने वाढवणारी जायंट ग्रोथ. बोल्ट अस्वलावर आला आणि अस्वलाच्या मालकाने वरून ग्रोथ टाकली, तर ग्रोथ आधी उतरते, अस्वल पाच-पाचचे होते, तीन डॅमेज सोसून उभे राहते. पण मालकाने आपणहून ग्रोथ टाकली आणि समोरच्याने तिच्यावर बोल्ट चढवला, तर बोल्ट आधी उतरतो, अस्वल मरते आणि ग्रोथला टार्गेटच उरत नाही. तीच तीन पाने, तेच दोघे खेळाडू. फक्त आधी कोण बोलले यावर सगळे ठरले. भाच्याने यावर एक बारीक शंका काढली, जी मला त्याच्या वयात सुचली नसती. पाळी संपताना ग्रोथ उतरल्यावर अस्वल पुन्हा दोन-दोनचे होईल आणि अंगावर तीन डॅमेज असेल, मग ते तेव्हा का मरत नाही? कारण पाळीच्या शेवटच्या टप्प्यात साचलेले डॅमेज पुसणे आणि ‘पाळी संपेपर्यंत’ असलेले परिणाम संपणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात, असे नियमात लिहिलेले आहे. कोणीतरी ही शंका आधीच काढली असणार, म्हणून ती ओळ तिथे आहे.

हे सगळे नियम पहिल्या दिवसापासून असे नव्हते. सुरुवातीच्या काळात काउंटरस्पेल हे ‘इंटरप्ट’ नावाच्या वेगळ्या प्रकारात मोडत असे, आणि एकदा पानांची मालिका उतरायला लागली की मधे नवीन काही घालता येत नसे. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर इंटरप्ट गेले आणि स्टॅक आला. प्रत्येक मडके उतरल्यावर पुन्हा सर्वांना बोलण्याची संधी मिळू लागली. त्यानंतर दहा वर्षे लढाईचे डॅमेजही स्टॅकवर चढत असे, त्यामुळे क्रीचरने वार ‘लावून’ ठेवायचा आणि तो उतरायच्या आधी स्वतःला बळी देऊन दुसरा परिणाम साधायचा, असे चालत असे. मॉग फॅनॅटिक हे पान त्यासाठी प्रसिद्ध होते. २००९ च्या बदलात लढाईचे डॅमेज स्टॅकवरून काढून टाकले गेले. अनेक जुन्या खेळाडूंना ते रुचले नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण एकाच वेळी वार करून पळूनही जाणारा क्रीचर नवख्याला समजावणे मला कधीच जमले नव्हते.

आमच्याकडे अनेक मुले या खेळांशी पहिल्यांदा ओळखीची झाली ती टीव्हीवरच्या यू-गी-ओहमुळे, आणि त्यांचा तिथला अनुभव मॅजिकमध्ये येऊन अडखळतो. यू-गी-ओहमध्ये स्टॅकच्या जागी चेन असते. तीही शेवटून उलगडते, पण उलगडायला लागली की मधे कोणालाही काही जोडता येत नाही. मिस्टिकल स्पेस टायफून हे पान समोरचे एक स्पेल किंवा ट्रॅप कार्ड नष्ट करते, आणि ‘नष्ट केले म्हणजे रद्द झाले’ हा तिथला सर्वांत पसरलेला गैरसमज. समोरच्याने रायगेकी टाकले आणि तुम्ही त्यावर टायफून टाकले, तर रायगेकीचे पान नष्ट होते आणि तरीही तुमचे सगळे मॉन्स्टर जातात. भाच्याचा सॉर्सररबद्दलचा प्रश्न आणि हा गैरसमज एकाच मुळातून आलेले आहेत. गंमत अशी, की तिथे अपवादही आहे: कॉल ऑफ द हॉन्टेडसारखे टेबलावर टिकून राहणारे पान चेन उलगडेपर्यंत उघडे राहायला लागते, त्यामुळे त्याला मात्र टायफूनने खरोखरच थांबवता येते. शिवाय तिथे ‘जेव्हा असे होईल तेव्हा तुम्ही करू शकता’ आणि ‘जर असे झाले तर तुम्ही करू शकता’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारची क्षमता तेव्हाच मिळते, जेव्हा ती घटना सर्वांत शेवटी घडलेली असते. तिच्यानंतर चेनमध्ये आणखी काही घडून गेले, तर वेळ चुकली असे मानतात. दुसऱ्या प्रकाराची वेळ अशी चुकत नाही. एका शब्दावर इतके अवलंबून ठेवणे मला जाचक वाटते, पण त्यामुळे ती मुले पान शब्दशः वाचायला शिकतात, हेही मी पाहिले आहे.

मॅजिकमध्ये शब्दांनी झालेला घात पाहायचा असेल, तर ऑब्लिव्हियन रिंग पाहावी. तिच्यावर दोन वेगवेगळे ट्रिगर लिहिले होते: टेबलावर आली की समोरचे एक पान बाहेर काढा, आणि टेबलावरून गेली की ते पान परत द्या. पहिला ट्रिगर स्टॅकवर असतानाच रिंग स्वतः टेबलावरून घालवली, तर दुसरा ट्रिगर त्याच्यावर चढतो आणि आधी उतरतो. परत द्यायला अजून काही नेलेलेच नसते. मग पहिला उतरतो, पान बाहेर जाते आणि कायमचे जाते. पुढे बॅनिशर प्रीस्टसारख्या पानांवर हे एकाच वाक्यात, ‘हे टेबलावरून जाईपर्यंत’ असे लिहायला सुरुवात झाली आणि ही फट बुजली.

आता मी बरेचदा मॅजिक अरीनावर, म्हणजे संगणकावर खेळतो. तिथे प्रायॉरिटी सोडणे यंत्रच करते आणि तुमच्याकडे करण्यासारखे काही असेल तिथेच बहुधा थांबते. सोय मोठी आहे, पण त्या अर्ध्या सेकंदाच्या थांबण्यावरून समोरच्याला कळते, की तुमच्या हातात काहीतरी आहे. म्हणून मी महत्त्वाच्या डावात फुल कंट्रोल लावून ठेवतो आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः थांबतो, हातात काही नसले तरी. टेबलावर हे आवाजाने करावे लागते. पान टाकल्यावर क्षणभर थांबून समोरच्याकडे पाहायचे आणि ‘रिस्पॉन्स?’ असे विचारायचे, ही सवय मी भाच्याला पहिल्या दिवसापासून लावली, कारण घाईने पुढे गेलेल्या डावात कोण कधी बोलले यावरून होणारी भांडणे मी खूप पाहिली आहेत.

जायच्या आदल्या रात्री त्याने मला विचारले, “मामा, तू माझ्यावर स्टायफल टाकलेस, तर मी तुझ्या स्टायफलवर स्टायफल टाकू शकतो का?” मी त्याला उत्तर दिले नाही, पान त्याच्या हातात दिले. त्याने ते दोनदा वाचले, ‘ॲबिलिटी’ या शब्दावर बोट ठेवले, मग माझे पान उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, की नाही, कारण स्टायफल हे स्वतः स्पेल आहे. त्याला काउंटरस्पेलच लागेल. मग त्याने माझ्या डब्यातून दोन काउंटरस्पेल मागून घेतली.